विहीणबाईंच्या आवाजाची मोहीम

श्रीविघ्नहर ओझरकर साक्ष. जुन्नर प्रांती बिबट्याने ठाणे दिल्हे आणि त्याचे पारिपत्य डब्यातल्या कॉम्प्युटराने कैसे जाहले, याची हकीकत जैसी घडली तैसी लिहितो. मीठमिरची लागली असेल तर ती चवीपुरती समजावी.

शिवनेरीच्या पायथ्यास कसबे जुन्नर, तेथे जुबेरभाई मोबाइलदुरुस्तीवाले, मोठे हुन्नरी. त्यांणी तळहाताएवढा कॉम्प्युटर पत्र्याचे डब्यात बसविला आणि त्यास कॅमेरा व भोंगा जोडिला, ऐसा की बिबट्या नजरेस पडताच डब्याने माणसाचे आवाजात ओरडावे आणि जनावराने पळावे. पहिला डबा कळंबास रखमाजींचे मळ्यात लागला, आवाजही रखमाजींचाच. मग मढाहून साळुबाईंची मागणी आली. डब्यातील एकेका मेमरी कार्डावर ऑपरेटिंग सिस्टिम रचावी, कॅमेऱ्यास बिबट्या शिकवावा, गावाचे नाव घालावे, आवाज भरावा, यात अख्खा दिवस मोडे. म्हणोन जुबेरभाईंणी कळंबचे कार्ड जैसेच्या तैसे नकलून मढास रवाना केले आणि आवाज बदलावयाचे विसरले. घात जाहला तो येथेच.

कारण की साळुबाई आणि रखमाजी हे विहीण-व्याही. पोरांचे लग्नात रखमाजींणी विहिणीस मानाची साडी दिल्ही, ती बाईंणी भर मांडवात उलगडोन, हे तर पोत्याचे कापड, ऐसा निवाडा दिल्हा, तेव्हापासोन उभयतां बोलणे बंद. आणि आता मांजर आडवे गेले तरी साळुबाईंचे अंगणात व्याही गर्जे, 'ए हाड! हाड म्हनतो ना!' बाईंणी प्रथम सवयीने डोईवर पदर घेतला, मग डब्यावर चप्पल फेकली, आणि मग जुबेरभाईंस फोनावर फर्मान सोडिले: 'शनवारच्या आत डबा माझ्या आवाजात बोलला तर ठीक, न्हाई तर धरणात जाईल. माझ्याच दारात त्यो मला हाड म्हनतोय व्हय!' अख्खे मढ बाईंचे शब्दात. तो डबा बुडता तर वाडीवाडीच्या पुढल्या मागण्या मोडत्या आणि जुबेरभाईंची अब्रू जाती. आणि बिबट्या तो गोठ्याभोवती रोज घिरट्या घालीत होता.

मग जुबेरभाईंणी मनाशी मसलत केली की हाताने कार्डे रचू तर चूक पुन्हा होणार. ऐसी स्क्रिप्ट, म्हणजे कॉम्प्युटरास हुकुमांची यादी, लिहावी की गावाचे नाव सांगताच तिणे आपली आपण इमेज, म्हणजे कार्डात भरावयाचा अख्खा ऐवज, रचावी आणि ज्या गावचे कार्ड त्या गावचाच आवाज उचलावा. मसलत नामी. साळुबाईंचा आवाज फोनावरून आला, तोही ऐसा खणखणीत की ऐकोन दुकानातले गिऱ्हाईक उठोन उभे राहिले. मग घरचे कॉम्प्युटरास हुकूम देऊन जुबेरभाई नमाजास गेले. परतोन पाहतात तो पडदा काळा! मातोश्री नसीमबी साहेबा यांणी प्लग उपटोन मिक्सर लाविला होता.

पुन्हा आरंभ केला. तो दुपारी खोबऱ्याची चटणी, सांजेस आले-लसूण, उपरांत शेजारणीचा मसाला. इमेज अर्धी होई आणि प्लग निघे, आणि स्क्रिप्ट बिचारी पहिल्यापासोन सुरू. जुबेरभाईंणी प्लगास चिकटपट्टी लाविली, ती मातोश्रींणी सोलोन काढिली. अर्ज केला की अम्मी, कामात खंड पडतो, तर जाब आला, 'तुझ्या बिबट्यापायी आमी उपाशी राहू का रे? सालन शिजू दे, मग लाव तुझं.' शुक्रवार उजाडला. जुबेरभाई रडकुंडीस आले. खरे सांगावे तर त्यांस बिबट्याहून मिक्सराचे भय अधिक होते.

आईशी लढोन कोण जिंकला आहे! मग त्यांणी लढाईच बदलली. स्क्रिप्टीचे टप्पे पाडिले. एक टप्पा सर होताच तेथे ठाणे बसवावे, आणि प्लग निघोन पुन्हा लागला तर शेवटल्या ठाण्यापासोन पुढे कूच करावे. त्या दिवशी घरी बिर्याणीचा बेत, मिक्सर कैक वेळा कडाडला, आणि इमेज पडत, उठत, पुढे सरत राहिली, आणि सांजेस कार्ड तयार! जुबेरभाईंणी मातोश्रींचे पाय धरिले. त्यांस कारण कळले नाही, दुवा मात्र दिल्ही.

शनिवारी स्वारी मढास दाखल, तो साळुबाई डबा काखोटीस मारोन धरणाकडे निघालेल्याच. जुबेरभाई 'मावशी, थांबा!' ओरडत धावले, कार्ड बसविले, डबा खांबावर चढविला, आणि दिवस मावळतो न मावळतो तो बांधावरची झुडपे हलली. बिबट्या! डबा कडाडला, 'कोन रं त्यो? थांब मेल्या, आलेच मी!' जनावराने कुंपण टाकिले ते मागे पाहिले नाही. बाईंचा कुत्राही पळाला, तो दुसरे दिवशी परतला.

ही कीर्त कळंबास जाताच रखमाजींचा निरोप आला: 'भाऊ, माझा आवाज बिबट्या बसून ऐकतोय. विहीणबाईंचा घाला राव. लग्नापासून आमी त्याच आवाजाला भितोय, जनावराची काय कथा!' जुबेरभाईंणी बाईंचा हुकूम विचारिला. बाई पदरात तोंड लपवोन हसल्या, मग गंभीर जाहल्या: 'माझा आवाज त्येंच्या दारात जाईल तर मानानं जाईल. आधी साडी आनायची. पोतं न्हाई.'

रखमाजी स्वतः साडी घेऊन मढास आले. बाईंणी ती उन्हात धरोन उलगडली, काठ पाहिला, पदर पाहिला, आणि मग सुनेस हाक मारोन म्हणाल्या, 'तुझ्या बापाला च्या टाक.' येणेप्रमाणे तह जाहला, कार्ड हळदकुंकू लावोन कळंबास गेले, जुबेरभाईंची अब्रू राहिली, आणि मोहीम फत्ते म्हणोन येथे नोंदिली असे.

कळंबचे मळ्यात आता बिबट्या फिरकत नाही. मात्र मांजर आडवे जाऊन डबा 'कोन रं त्यो?' म्हणोन गर्जला, की घरातून हातातला घास टाकोन आपोआप जाब येतो, 'मी हाय विहीणबाई, रखमाजी!'