सोहोनीकाकांच्या लॅपटॉपचं झाकण

सोहोनीकाका भाजीवाल्याकडूनही लेखी मागतात. "वांगी आतून किडकी नाहीत म्हणता? लेखी द्या." वडगाव शेरीतल्या त्यांच्या बंगल्यामागची खोली बघायला मी गेले, तेव्हा दारातच म्हणाले, "इथे रडणार नाही, असं लेखी द्या. आधीची भाडेकरू फार रडायची."

अवो माय! माझं गाव पार गोंदियाकडे, शाळा आठवीत सुटलेली, आणि पुण्यात उतरून नुकतीच कुठे बॅग टेकवलेली. रडणार नाही असं मी लिहून दिलं, आणि लिहिता लिहिताच रडले.

काकांनी कागद उजेडात धरला. "शाई फुटली. असो. राहा."

तेव्हापासून मी त्यांची भाडेकरू. खराडीतल्या एका आयटी कंपनीच्या कँटीनमध्ये पोळ्या लाटते. काका मला सुनंदा अशी नावानं कधी हाक मारत नाहीत, "अहो गोंदिया!" म्हणतात. मला डेंग्यू झाला तेव्हा दारात रोज पेजेचा डबा असायचा, त्यावर चिठ्ठी: 'गरम आहे. भाजल्यास आम्ही जबाबदार नाही.' त्या पेजेवर मी उठले. म्हणून काकांबद्दल कोणी वाकडं बोललेलं मला खपत नाही. तसंही वाकडं बोलायला ते स्वतः समर्थ आहेत.

तर काकांच्या लॅपटॉपचा आवाज गेला. वॉरंटी शिल्लक होती, म्हणून तो सर्व्हिस सेंटरला दिला. परत आला तेव्हा आवाज नव्हताच, वर कॅमेराही बंद. "मुका म्हणून दिला, आंधळा होऊन आला," काका म्हणाले. "आणखी एकदा दिला तर खांद्यावरून आणावा लागेल."

तरी दिला. या खेपेला आणायला जाताना मला बरोबर घेतलं. "साक्षीदार म्हणून चला." मला वाटलं पोलिसात जायचंय. मी आधार कार्ड घेतलं.

काउंटरवरची मुलगी हसतमुख. "सर, साउंड ओके, कॅमेरा ओके. आणि वरचं झाकण आम्ही नवीन टाकलंय. फ्री!"

लॅपटॉप लखलखत होता. मी खूश होऊन काकांकडे पाहिलं, तर चेहरा पांढराफटक.

"जुनं कुठाय?"

"स्क्रॅपला गेलं, सर."

"कोणाला विचारून?"

"सर, फार खराब होतं ते. डाग होते नुसते."

"मला नुकसानभरपाई हवी," काका इतक्या जोरात म्हणाले की रांगेतली माणसं वळली. आतून मॅनेजर आला. "आजोबा, जुन्याच्या जागी नवं दिलं, तेही फुकट. भरपाई कसली?"

"तुम्हाला उद्या नवे वडील दिले, फ्री, तर चालतील?"

रांगेत कोणीतरी फिसकन हसलं. मॅनेजर हसला नाही. त्यानं एक कोरा कागद पुढे सरकवला. "ठीक आहे. तुमचं नेमकं नुकसान काय झालं, ते लेखी द्या."

लेखी! मी मनात म्हटलं, मेला आता हा. काकांनी खिशातलं पेन काढलं, टोपण उघडलं, 'महोदय' लिहिलं. आणि थांबले. पेन कागदावर टेकलेलं, हात हलेना. वांग्यांसाठी लेखी मागणारा माणूस! शेवटी त्यांनी टोपण लावलं आणि लॅपटॉप काखेत घेतला.

"राहू द्या."

रिक्षात लॅपटॉप मांडीवर घेऊन बसले. मग बाहेर बघतच म्हणाले, "दसऱ्याला हळदकुंकू लावायची ती. विळी, पकड, आणि हा लॅपटॉप. हात सैल, सगळं सांडायची. मी ओरडायचो, अगं बटणांत जाईल, वॉरंटी रद्द होईल. शेवटच्या दसऱ्याचं झाकणावर राहिलं होतं. मग पुसलं नाही."

काकू मी यायच्या आधीच गेलेल्या. मला त्या फक्त दिवाणखान्यातल्या फोटोतून माहीत. मी कशीबशी म्हणाले, "काका, मग तेच लिहायचं ना."

"काय लिहू? डाग, नग दोन?"

त्यानंतर त्यांनी भरपाईचं नाव काढलं नाही. भाजीवाल्यालाही काही विचारेनात. तो बिचारा मला म्हणाला, "ताई, काका बरे आहेत ना?"

दसऱ्याला सकाळी हाक आली, "अहो गोंदिया, आहात का?" जाऊन बघते तर पाटावर विळी, पकड, काकांचं पेन आणि लॅपटॉप. बाजूला काकूंचा करंडा.

"लावा."

आमच्याकडे माय धान कापायच्या विळ्याला लावते. तेच डोळ्यांपुढे आलं. विळीला लावलं, पकडीला लावलं, पेनाला लावलं, नव्या झाकणावर दोन बोटं ओढली. काकांनी पुढे होऊन झाकण उघडलं.

"आतही."

मी चिमूट वरच धरली. "काका, बटणांत सांडेल. वॉरंटी..."

काकांनी चष्मा काढला आणि धोतराच्या टोकानं पुसायला घेतला.

"सांडू दे थोडं, सुनंदा."