चपलांचं तोंड रस्त्याकडे

आमच्या अमरावतीच्या चर्चमध्ये शांतवनभाऊ येतात ते पायऱ्यांवर बसायला. खांद्यावर फडकं. आत गाणी सुरू झाली की हे बाहेर सगळ्यांच्या चपला पुसतात, जोड्या लावतात आणि त्यांची तोंडं रस्त्याकडे करून ठेवतात. "घरी जातानं कोणाले फिरा नाई लागलं पायजे," हे त्यांचं पालुपद.

हे सुरू झालं तेव्हा मी आजी झाले नव्हते. गुडघे शाबूत होते आणि संशय त्याहून शाबूत. प्रार्थनेत एक डोळा उघडा ठेवण्यात मंडळीत माझा हात धरणारं कोणी नव्हतं. माणूस फुकट वाकत नाही, हे माझं तेव्हाचं तत्त्वज्ञान.

"याची नजर चपलांवर आहे," मी आमच्या ह्यांना म्हणाले.

"तुही चप्पल कोन चोरते?" ते म्हणाले.

तरी एका रविवारी मी नवी चप्पल एक दाराशी आणि दुसरी कडुलिंबाखाली ठेवली. चोराला जोडी सापडू नये हा डाव. परत येऊन बघते तर दोन्ही शेजारी शेजारी, पुसून लख्ख, तोंड रस्त्याकडे. "बाई, घाईत आल्या वाट्टे," भाऊ म्हणाले.

मग माझी खात्री पटली की डोळा चर्चच्या पंचकमिटीवर आहे. निवडणूक जवळ आली की आमच्याकडे बरेच जण नम्र होतात. पण निवडणूक आली नि गेली, शांतवनभाऊ उभेच राहिले नाहीत. असा माणूस तर मला आणखीच संशयास्पद वाटला.

त्यातून प्रभुभोजनाच्या रविवारी, प्रभूच्या आठवणीची भाकर वाटतात तेव्हा, ते आत येऊन बसत. पण भाकरीआधी पाळक म्हणाले, "ज्याचं भावाशी वाकडं असेल त्यानं आधी समेट करावा," की हे उठून थेट बाहेर, चपलांकडे.

"भाकर सोडून चपला काहून?" मी एकदा अडवलंच.

"त्याइचं तोंड वळवता येते, बाई."

शेवटी पाळकबाईंनी सांगितलं. शांतवनभाऊंची आई इथे यांच्याकडेच वारली. धाकट्या भावाला, योहानला, तिची माती अकोल्याला, बापाशेजारी करायची होती. यांनी त्याची वाटच पाहिली नाही, इथेच उरकून टाकलं. योहानला आईचा चेहराही दिसला नाही. तेव्हापासून हे दर नाताळला अकोल्याला जातात. योहान दार उघडत नाही. हे दाराबाहेरच्या चपला पुसतात, नीट लावतात आणि परतीची एसटी धरतात.

यंदा पोळ्याच्या सुमारास, प्रभुभोजनाच्या रविवारी, पांढऱ्या मिशांचा एक माणूस उशिरा येऊन मागच्या बाकावर टेकला. पाळकांनी ते वाक्य म्हटलं. शांतवनभाऊ उठले. त्यांच्यामागे तोही उठला. माझी जागा खिडकीशी आहे. हवेसाठी, असं मी सांगते.

भाऊ काळ्या मातीनं भरलेली एक चप्पल मांडीवर घेऊन बसले होते.

"ठेव माही चप्पल खाली," तो माणूस म्हणाला.

भाऊंनी वर पाहिलं. "योहान, चिखल हाय रे."

"असू दे. मी त्या दिवशी बडनेऱ्यापर्यंत आलो होतो, गावाच्या तोंडाशी."

"ठाऊक होतं मले."

"मंग थांबला काहून नाई?"

"तू तिले नेली असती. माहंच खरं करायचं होतं मले. चुकलं."

योहान वाकला. मग त्यानं भावाच्या मांडीवरची चप्पल उचलून बाजूला ठेवली. "मायची जागा दाखवजो मले. पन आधी आत चाल. नाई त पाळकबी थांबाचे नाईत."

दोघे आत आले. भाकर घेण्याआधी भाऊंनी खांद्यावरच्या फडक्याला हात पुसले.

मग शेवटचं गाणं सुरू झालं. दोन म्हातारे एकाच पुस्तकात बघून, वेगवेगळ्या सुरांत गात होते. बाहेर चपलांचा नुसता ढीग पडलेला. मी हळूच सटकले, पायरीवर बसले, कुरकुरत्या गुडघ्यांसकट एकेक जोडी लावायला घेतली, तोंडं रस्त्याकडे.

आत शेवटची प्रार्थना सुरू झाली तसं सहज वर पाहिलं. खिडकीतून माझी सून माझ्याकडे बघत होती, एक डोळा उघडा ठेवून.