उघड्यावरचा सौदा

कोंडू दलाल माणसाला रामराम करायच्या आधी त्याचा भाव करायचा. अमरावतीच्या कापूस बाजारात कोणी समोर आलं की एक डोळा बारीक करून म्हणे, "वरून रुई, आतून सरकी!" सावकार असो की गाडीवान, सुटका नाही. मी त्याचा शेजारी, काटा धरणारा मापारी. मला म्हणाला, "भाऊ, तुमी ओला माल. वजन हाये, कस नाई." अशा माणसाशी कोण बोलेल? पण न बोलून करता काय, तो भिंतीपलीकडूनही बोलायचा.

कोणी उलट विचारलं, "अन् तुहा भाव काय बे?" तर छाती ठोकून सांगे, "ओंजळभर कोंडा!"

ते खरंच होतं. त्याच्या आधीची भावंडं जगली नव्हती. म्हणून हा जन्मताच सुइणीनं ओंजळभर कोंडा देऊन त्याला विकत घेतलं आणि परत आईच्या ओटीत टाकलं. इतक्या स्वस्त मालाकडे यम कशाला बघेल, असा आमच्याकडचा रिवाज. पोरगं जगलं, नाव पडलं कोंडू. पण हसून सांगताना त्याची मान खाली जायची, हे मी पाहिलेलं आहे.

मग साता समुद्रापार कुठंशी लढाई लागली आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. लोकांनी बैलांच्या शिंगांना चांदी चढवली. कोंडूनं जाडजूड चांदीचं कडं केलं आणि ते दिसावं म्हणून भर हिवाळ्यात बाही वर करून कुडकुडत फिरला. "आता तरी भाव वाढला का?" विचारलं, तर म्हणे, "कड्याचा वाढला. आपला कोंडाच."

अशात बाजारातल्या निंबाखाली एक पाद्री येऊ लागला. देवानं माणसासाठी आपला एकुलता एक लेक दिला, असं सांगायचा. कोंडूतला दलाल जागा झाला.

"घेनाऱ्यानं माल पाह्यला होता?"

"पाहिला होता."

"आतली सरकी, कचरा, ओल? सारं?"

"सारं."

"अन् तरी लेक देल्ला? माह्यासाठी?"

"तुझ्यासाठी."

कोंडू मटकन खाली बसला आणि भर बाजारात ढसाढसा रडला. पुढं त्यानं बाप्तिस्मा घेतला. लोक त्याच्याशी सौदे करत, पण त्याला घरात घेईनात, पाणीही वरून ओतून देत. गडी मात्र ताठ मानेनं चाले. बाजारात भाव ठरतो तो रुमालाखाली बोटं दाबून, तिसऱ्याला कळू नये म्हणून. कोंडू सांगत सुटला, "माहा सौदा रुमालाखाली नाई झाला बापा! त्यानं क्रुसावर दोन्ही हात उघडे ठेवले, खिळे ठोकून घेतले, साऱ्या जगानं पाह्यलं!"

माझी दोन लेकरं गेली होती. तिसऱ्या खेपेला मुलगी झाली तेव्हा माझ्या आईनं सुपात कोंडा काढला आणि सुइणीला बोलावलं. कोंडू विचारपूस करायला आला होता, अर्थात उंबऱ्याबाहेर. सूप पाहून तो पांढराफटक पडला.

"माय, कोंडा नको."

"स्वस्तात गेली तर जगंल रे!" आई कडाडली. "दोन गेले माहे!"

"जगंल ना. मी बी जगलोच. पन तो कोंडा जिंदगीभर गळ्यात बांधून जगलो. पोरीले तसं नका जगवू."

त्यानं कडं ओढायला सुरुवात केली. ते घातल्यापासून कधी निघालंच नव्हतं. मनगट सोलून निघालं तेव्हा कुठं सुटलं. ते त्यानं उंबऱ्याच्या आत सरकवलं.

"हे घ्या. आपल्याले महाग घेतलं, हे तिले कळू द्या. अन् हात उघडा हाये माहा, साऱ्यांनी पाहून घ्या!"

आईनं एकदा कड्याकडे पाहिलं, एकदा त्या सोललेल्या मनगटाकडे. मग सूप उचललं आणि सगळा कोंडा अंगणात उधळला. कोंबड्यांची चंगळ झाली. लेकरू उचलून ती उंबरा ओलांडून बाहेर आली आणि तिनं ते कोंडूच्या ओंजळीत ठेवलं.

आता हा भाव सांगणार, म्हणून मी वाट पाहत होतो. पण डोळा काही बारीक झाला नाही. दोन्ही डोळे वाहत होते.

"माय," तो म्हणाला, "मले कोनी कधी लेकरू धरू देल्लं नव्हतं."

"मंग धर नीट," आई म्हणाली. "मान वर ठेव तिची."