अठ्ठावन्न किलोंचं ‘अवो’

वाळूच्या पोत्याला ‘अवो’ अशी हाक मारणारी बाई मी आयुष्यात एकच पाहिली. चांगुणाकाकी. वय त्रेसष्ट, उंची माझ्या खांद्याला लागेल एवढी. गुडघ्यापर्यंत घट्ट खोचलेलं लुगडं आणि वर गावच्या क्रिकेट टुर्नामेंटचा, पाठीवर ‘कॅप्टन’ छापलेला टी-शर्ट. जिममध्ये आल्या की भिंतीला टेकून ठेवलेल्या पोत्यासमोर त्या उकिडव्या बसायच्या, त्याच्या कानात सांगावं तसं पुटपुटायच्या, “अवो, धरा नीट. चला.” आणि अठ्ठावन्न किलोंचं ते पोतं पाठीवर घेऊन उभ्या राहायच्या.

पोतं काही धरायचं नाही. पण काकी रोज तेवढ्याच अदबीनं सांगायच्या. काकींनी पोत्याशी दुसरं लग्न लावलंय, अशी आमची थट्टा चालायची. काकी ऐकून न ऐकल्यासारखं करायच्या.

मी या जिममध्ये कसा पोचलो तेही सांगितलं पाहिजे. मी अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवतो. सव्वीस वर्षं फळ्यावर स्नायूंच्या आकृत्या काढल्या, पण स्वतःच्या स्नायूंची कधी भेट झाली नव्हती. माझे रक्ताचे रिपोर्ट पाहून डॉक्टरांनी, मी नापास मुलाकडे पाहतो तसं माझ्याकडे पाहिलं. दुसऱ्या दिवशी मी शेजारच्या गल्लीत हार्डवेअरच्या दुकानावर असलेल्या झुबेरच्या जिममध्ये हजर झालो. बाकावर आडवा होऊन नुसता रॉड उचलला. तो छातीपर्यंत आला आणि तिथंच राहिला. कुणाला हाक मारावी तर श्वास नव्हता.

“मास्तर, त्यो रॉड तुमाला घेऊन बसलाय का तुमी त्याला?” असं म्हणत एका बाईनं दोन्ही हातांनी तो उचलून ठेवला. वर पाहतो तर आमच्याच बिल्डिंगमधल्या, तिसऱ्या मजल्यावरच्या काकी! त्यांचाही जिममधला तो पहिलाच आठवडा होता.

मी तळमजल्यावर राहतो. काकींचं घर मला माहीत होतं ते त्यांच्या यजमानांमुळे, जोमाकाकांमुळे. मी जिमला जाण्याच्या वर्षभर आधी त्यांना लकवा मारला. उजवं अंग गेलं आणि वाचाही गेली. ‘हां’ आणि ‘नाय’ एवढे दोनच शब्द उरले. आमच्या बिल्डिंगला लिफ्ट नाही. हॉस्पिटलमधून आणून वर नेलं तेव्हापासून काका खाली उतरले नव्हते. माणूस तिसऱ्या मजल्यावर असूनही आम्ही त्यांच्याबद्दल परगावी गेल्यासारखं बोलायचो.

जिममध्ये काकींचे दोन हट्ट होते. पहिला वजनाचा. सुरुवात त्यांनी पाच किलोंपासून केली आणि दहा महिन्यांत अठ्ठावन्नवर आल्या. तिथं जे थांबल्या ते थांबल्याच. झुबेर पस्तिशीचा, मनानं पैलवान गडी. काकींना खारघरच्या स्पर्धेत उतरवायचं त्याच्या फार मनात होतं.

“काकी, साठ करून टाकू ना. राउंड फिगर!”

“नको. अठ्ठावन म्हंजे अठ्ठावन.”

“अल्ला कसम, तुमच्यात सत्तरची ताकद आहे.”

“आसंल. पन मना काय करायची हाय सत्तरची?”

दुसरा हट्ट मोजण्याचा. जिममध्ये ट्रेनर मोठ्यानं आकडे म्हणतो, त्या तालावर माणूस वजन उचलतो. झुबेरनं काकींसाठी ‘एक’ म्हटलं, की काकी पोतं खाली ठेवायच्या. “मोजू नको रं. माजं मोजनारा दुसरा हाय.” हे ऐकून झुबेरनं आदरानं छताकडे पाहिलं होतं. मीही पाहिलं.

सुरुवातीच्या आठवड्यात काकींचं अंग असं धरलं की वेणी घालायला हात वर जाईना. जिने उतरताना मांड्या लटपटायच्या. मला शिकवायची खोड. म्हटलं, “काकी, ताण पडला की स्नायूंचे धागे थोडे उसवतात. मग आपण विश्रांती घेतो तेव्हा शरीर ते शिवून काढतं, आणि पहिल्यापेक्षा जरा जास्त घट्ट शिवतं.”

काकींनी सगळं ऐकून घेतलं. “म्हंजे आगरावानी,” त्या म्हणाल्या.

आगर म्हणजे मिठागर. काकींनी चौदाव्या वर्षापासून उरणच्या बाजूला मिठागरात काम केलं, मिठागर बुजेपर्यंत. त्या म्हणाल्या, “पानी सोरायच्या आदी आगराची जमीन पायानं तुडवायला लागते. सगली बायामानसं येका रांगेत. तुडवायची आन मंग उनात सुकू द्यायची. परत तुडवायची, परत सुकू द्यायची. मंग ती आशी घट होते, का मीठ पांढरंशुभ्र येतं. पन सुकू न देता रोज रोज तुडवली, तर नुस्ता चिखल!”

मी पाठ्यपुस्तकातली चार पानं मनातल्या मनात फाडली. पुढच्या वर्षी तो धडा मी मिठागरावरूनच शिकवला.

‘तुडवा, मंग सुकू द्या’ हे काकींचं सगळ्यावरचं औषध होतं. जावई रुसला, सुकू द्या. माझं आणि बायकोचं कडाक्याचं भांडण चालू असताना काकी जिन्यावरून जाता जाता दारात डोकावल्या. “लय तुडवलंव मास्तर. आता जरा सुकू द्या.” आम्ही दोघंही हसलो आणि भांडण कशावरून होतं ते विसरलो.

काकींच्या शरीरात वर्षभरात जे बदल झाले, ते मी एखाद्या प्रयोगासारखे टिपत होतो. पूर्वी बाजारातून आल्या की पहिल्या मजल्यावर कठड्याला धरून उभ्या राहायच्या. दहा महिन्यांनंतर तीन मजले चढून-उतरून माझ्या दारात आल्या, तेव्हा मी त्यांच्या मनगटावर बोट ठेवलं. घड्याळ शोधेपर्यंत नाडी जाग्यावर! म्हटलं, “काकी, सराव झालेलं हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलतं. म्हणून त्याला धावपळ करावी लागत नाही.”

“मिठाची मोटी पाटी, कमी फेऱ्या,” काकी म्हणाल्या आणि निघून गेल्या.

त्या दिवशी मी वर्गात मुलांना छाती फुगवून सांगितलं, की आमच्या बिल्डिंगमध्ये कसं हृदय राहतं. जणू ते मीच घडवलं होतं.

एवढा निरीक्षण करणारा मी, पण एक साधी गोष्ट माझ्या डोक्यात शिरली नव्हती. जिम सुरू करण्याच्या आदल्या दिवशी काकींनी माझ्याकडून वजनाचा काटा मागून नेला होता. संध्याकाळी परत आणून दिला. “काटा चांगला हाय मास्तर.” मला वाटलं, स्वतःचं वजन करून पाहिलं असेल.

फाल्गुनातली एक सकाळ. मी दुधाच्या पिशव्या घेऊन आत येतोय, तर जिन्यातून आवाज आला. “अवो, वलन आयलं. मान सांबाला.” काकी एकेक पायरी उतरत होत्या. पाठीवर पोतं, आणि ते जुन्या लुगड्यानं अंगाशी बांधलेलं. जिममधून झुबेरला सांगून आणलं होतं म्हणे. मला पाहून त्या शेवटच्या पायरीवर बसल्या आणि पोतं बाजूला बसवलं.

“काकी, हे काय?”

“वैशाखात नातीची हलद हाय,” त्या म्हणाल्या. “पोरगी बोलते, आजाच्या हातची हलद लागल्याबिगर मी पाटावर बसाची नाय.”

नात त्यांच्या एकुलत्या एका मुलीची, उरणजवळच्या गावातली. आजोबांचा जीव सगळा तिच्यात. मग अडचण काय होती? बिल्डिंगमधले चौघं जण काकांना खुर्चीत बसवून खाली आणायला एका पायावर तयार होते. मी स्वतः तयार होतो. काकींनी मान हलवली.

“गेल्या वर्सी लगीन ठरलं तवाच इचारलं मी त्याना. त्यानी आसं केलं.” काकींनी डाव्या हाताची चार बोटं वर केली, खांद्यावर थापटी मारली, मग एकच बोट दाखवून ते आभाळाकडे नेलं. “म्हंजे, चार खांद्यांवर मानूस येकदाच जातो. तवा न्या. आदी नाय.”

मी दुधाच्या पिशव्या पायरीवर ठेवल्या.

“मंग मी बोलले, माजी येकटीची पाठ चालंल का? तवा बोलले, ‘हां’.” काकी पोत्यावर हात ठेवून म्हणाल्या. “अठ्ठावन भरले तुमच्या काट्यावर.”

“आणि पडलात तर?”

“म्हनून तर वर्सभर तुडवतंय.”

जाता जाता मी मोजणाऱ्याचंही विचारून घेतलं. काकी चक्क लाजल्या. “तवा आगरात यो मोजनीला होता. आमी डोक्यावर पाटी घेऊन मिठाच्या राशीवर जायचो आन यो बांधावर उबा ऱ्हाऊन मोट्यानं मोजायचा. जितक्या पाट्या तितकी मजुरी. येक दिवस मी आनल्या चालीस पाट्या आन यो बोलला, येकेचालीस. मना वाटलं, चुकला. दुसऱ्या दिशी परत चालीस आनल्या, परत येकेचालीस. तवा मना कललं.” जरा थांबून म्हणाल्या, “दोन वर्सं झाली, आवाज नाय घरात. मी उचलते तवा मनात त्येच मोजतान. म्हनून दुसऱ्याचा आवाज नको वाटतो.”

तेव्हाचा तो ‘यो’ आणि आताचे ‘ते’, यांच्यात पंचेचाळीस वर्षं होती. मी दूध घेऊन घरात आलो. बायकोला सगळं सांगितलं.

मग मात्र मी आणि झुबेर दोघंही या कामाला लागलो. उतरणं हे चढण्यापेक्षा वाईट, हे मी पुस्तकातून सांगितलं. चढताना दम लागतो, पण उतरताना मांडीला अख्खं वजन तोलून धरत सावकाश सोडावं लागतं. झुबेरनं काकींना त्या सावकाश सोडण्याचाच सराव दिला. सगळं छान चाललं होतं. आणि हळद तीन आठवड्यांवर आली तशी काकींनी स्वतःचाच नियम मोडला. धास्तीपोटी सलग सहा दिवस पोतं घेतलं आणि सातव्या दिवशी गुडघा टम्म सुजला.

मी बर्फ घेऊन तिसऱ्या मजल्यावर गेलो. धापा टाकत म्हणालो, “काकी, लय तुडवलंत. आता सुकू द्या.”

काकींनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी बर्फ स्वतःच्याच डोक्यावर ठेवणार होतो. “ताकद उतरली तर, मास्तर?” त्यांचे डोळे भरले होते. त्यांना घाबरलेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

“इतक्यात नाही उतरत. शरीर एवढं विसरभोळं नसतं.”

“हां!” खाटेवरून जोमाकाका ठणकावून म्हणाले. दोन शब्दांपैकी एक त्यांनी माझ्या बाजूनं खर्च केला होता.

काकी आठ दिवस बसल्या. नवव्या दिवशी गुडघा उतरला, पोतं पाठीवर घेतलं आणि चकित होऊन म्हणाल्या, “झुबेर, वालू काडलीस का रं ह्याच्यातली?” झुबेरनं पोतं काट्यावर ठेवून दाखवलं. अठ्ठावन्नच होतं. सव्वीस वर्षं जे शिकवलं, ते त्या दिवशी मी डोळ्यांनी पाहिलं.

हळदीच्या दिवशी दुपारी चार वाजता गाडी दारात लागली. काकांनी पांढरा सदरा आणि टोपी घातली होती. काकींनी नवं कोरं लुगडं काष्टा मारून नेसलं होतं. जुन्या लुगड्यानं आम्ही काकांना त्यांच्या पाठीशी बांधलं. झुबेर तीन पायऱ्या खाली, तोंड वर करून उलटा उतरत होता. मी मागे, दोन्ही हात पुढे करून. “हात लावाचा नाय कुनी,” काकींनी दम भरला. मग मान किंचित वळवून म्हणाल्या, “अवो, धरा नीट. चला.”

वर्षभर ऐकलेलं ते वाक्य आज योग्य माणसाला ऐकू गेलं होतं. काकांचा डावा हात काकींच्या गळ्याभोवती घट्ट आवळला.

पहिल्या काही पायऱ्या उतरल्या. फक्त काकींचा श्वास आणि चपला नसलेल्या पायांचा आवाज. आणि मग गंज चढलेली कडी सरकावी तसा एक आवाज आला.

“...सात.”

झुबेर जागच्या जागी थांबला. मला वाटलं, वरून कुणी बोललं.

“आठ.”

जोमाकाका मोजत होते. वाचा गेलेल्या माणसाच्या तोंडून कधी कधी पाठ असलेले आकडे निघतात, हे मी वाचलं आहे. पण त्या वेळी मला काहीही आठवलं नाही. काकींचे पाय क्षणभर थबकले. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. एवढंच म्हणाल्या, “अवो, मोट्यानं.”

नऊ. दहा. अकरा. दारं उघडली, माणसं उंबऱ्यात येऊन उभी राहिली. पहिल्या मजल्याच्या वळणावर, छत्तिसाला, काकींचा गुडघा लटपटला. त्या भिंतीला टेकल्या. माझा हात आपोआप पुढे गेला आणि त्यांच्या नजरेनं मागे आला. चार श्वास घेतले, छाती शांत झाली, पाऊल उचललं. सदतीस. अडतीस. काकांचा आवाज आता जिनाभर घुमत होता, बांधावर उभं राहून मोजावं तसा.

शेवटची पायरी. “चोपन!” काकी फरशीवर आल्या आणि ताठ उभ्या राहिल्या. मी हुश्श केलं. तेवढ्यात मागून काका आणखी एकदा बोलले.

“पंचावन.”

माझी शिकवायची खोड मरणार कशी? “काका, चोपन्नच,” मी म्हणालो. “आपल्या जिन्याला पायऱ्या चोपन्न—”

काकी वळल्या. घाम आणि डोळ्यांतलं पाणी एकत्र होऊन हनुवटीवरून गळत होतं आणि त्या हसत होत्या.

“गप ऱ्हावा मास्तर. मना म्हाईत हाय किती त्या.”

आणि गाडी दारातच उभी असूनही काकी त्यांना पाठीवर घेऊन, सगळ्या बिल्डिंगच्या देखत, पार फाटकापर्यंत चालत गेल्या.