मिटल्या डोळ्यांच्या नवऱ्या

मंदाताईंच्या अल्बममधली एकही नवरी तुमच्याकडे बघत नाही. पान उलटा, पुढचं उलटा. शालू, नथ, मुंडावळ्या, भरगच्च मेकअप, आणि डोळे मिटलेले. औंढ्यातल्या एका आजीबाईंनी नातीसाठी तो अल्बम चाळला आणि शेवटी हळूच विचारलं, "ह्या पोरी झोपल्यात का गेल्यात?" नात दुसऱ्या पार्लरला गेली.

हे सगळे फोटो मी काढलेत, हे आधीच सांगून टाकतो. माझा हिंगोलीत स्टुडिओ आहे. लग्नं करतो, आणि मधल्या दिवसांत मेकअपवाल्यांच्या पोर्टफोलिओचं काम घेतो. बाकीच्या मेकअपवाल्या नवरीला हसवतात, गिरकी घ्यायला लावतात, स्वतः तिच्या गळ्यात हात टाकून उभ्या राहतात. मंदाताईंकडे तसलं काही नाही. औंढ्याला नागनाथाच्या देवळामागच्या गल्लीत दोन खोल्या, खिडकी बंद, आरशावर टॉवेल टाकलेला. नवरी खुर्चीत टेकली की हुकूम सुटतो, "मिट गं माय डोळे. म्या म्हनेपस्तोर उघडायचे न्हाईत."

काम मात्र बघत राहावं असं. बोलणं नाही, गुणगुणणं नाही. थंडगार बोटं तेवढी चेहऱ्यावरून फिरतात. एका नवरीनं मला नंतर सांगितलं, की खोलीत माणूस आहे असं वाटतच नव्हतं, नुसते हात होते.

पहिल्या वेळी माझी चांगलीच तंतरली. मेकअप संपला, ताईंनी खूण केली, मी मिटल्या डोळ्यांचे फोटो घेतले. पापण्यांवरचा रंग दिसावा म्हणून असे दोन-चार फोटो सगळेच काढतात, त्यात नवल नव्हतं. मग लेन्स बदलायला वळलो, आणि परत बघतो तर खोलीत फक्त मी आणि नवरी. दार वाजलं नाही, पाऊल वाजलं नाही. तेवढ्यात न्हाणीतून घुमल्यासारखा आवाज आला, "उघड." नवरीनं डोळे उघडले ते न्हाणीच्या दाराकडे बघत, आणि चेहरा असा, की तो फोटो लग्नाचा आहे हे कुणाला पटलं नसतं. पुढे प्रत्येक नवरीचं हेच झालं, म्हणून अल्बमात मिटलेल्याच उरल्या.

आवाज कधी न्हाणीतून यायचा, कधी कपाटामागून. एकदा लाईट गेलेली असताना माझ्या पाठीमागून, अगदी कानाशी आला. काहून पळता ताई, असं विचारलं की उत्तर ठरलेलं, काम झालं, उगं काहून उभं राहायचं. बायकोला हे सांगितलं तर ती म्हणाली, ही बाई तुमच्या कॅमेऱ्यात दिसते का ते आधी बघा. मी हसलो, आणि दुसऱ्या दिवशी स्टुडिओत जाऊन गुपचूप सगळे फोटो तपासले. ताई एकातही नव्हत्या.

गेल्या सीझनला त्यांच्याकडे दोनच नवऱ्या आल्या. यंदाही असंच झालं तर पार्लर बंद करून शिरड शहापूरला भावाच्या हळदीच्या शेतात निंदायला जावं लागणार होतं. हे त्यांनीच सांगितलं. मी म्हणालो, मग एक तरी फोटो असा हवा की नवरी डोळे उघडून बसलीय आणि तुम्ही शेजारी आहात. ताईंनी हातातला ब्रश पुसून ठेवला.

"मालक गेल्यावर मी हे काम शिकले, भाऊ," त्या म्हणाल्या. "पहिली नवरी सजवली. तिनं डोळे उघडले ते माझ्याच मोकळ्या कपाळावर. वर्ष भरलं न्हाई, तिचं बी कपाळ मोकळं झालं. तवापासून कोन्त्याच लेकराच्या पहिल्या नजरेत मी आले न्हाई. आरशात बी न्हाई."

योगायोग, जुन्या समजुती, जग कुठं चाललंय, असं सगळं माझ्या जिभेवर होतं. पण त्या झाकलेल्या आरशासमोर ते सगळं पोकळ वाटलं. इतके दिवस मी त्यांना भीत होतो. त्या स्वतःलाच केवढ्या भीत होत्या, हे कळल्यावर फार वाईट वाटलं.

पुढच्या आठवड्यात जवळच्या तांड्यावरची पूजा नावाची नवरी आली. नर्सिंग शिकलेली, बोलायला फटकळ. ती चपला काढत होती तेव्हाच मी तिला सगळं सांगून टाकलं. ती नुसतं बरं म्हणाली आणि आत जाऊन मुकाट डोळे मिटून बसली.

मेकअप झाला. ताईंनी मला खूण केली आणि एक पाऊल मागं घेतलं. त्याच क्षणी पूजानं मिटल्या डोळ्यांनी हात लांब करून त्यांचं मनगट धरलं.

"ताई, आज जायचं न्हाई. मी आता डोळे उघडून राहिले."

ताईंनी हिसका दिला. पोरीची पकड दवाखान्यातली, सुटली नाही. सुटत नाही म्हटल्यावर ताईंनी मान फिरवली आणि स्वतःचेच डोळे गच्च मिटून घेतले. त्यांचे ओठ हलत होते, बहुतेक नागनाथाचं नाव घेत असाव्यात. पूजानं डोळे उघडले. आधी ताईंचं कपाळ बघितलं, मग सगळा चेहरा, अगदी सावकाश.

"बघितलं मी," ती म्हणाली. "आता तुमी उघडा."

ताईंनी उघडले. इतक्या वर्षांत आपण सजवलेली नवरी डोळे उघडल्यावर कशी दिसते, हे त्यांनी बघितलंच नव्हतं. त्या बघत राहिल्या. मग पदराचं टोक बोटाला गुंडाळून पूजाच्या पापणीखाली टिपायला लागल्या.

"काजळ लई झालंय गं," त्या रडत म्हणाल्या. "आजवर समद्या पोरींना मी असंच थापत आले व्हय?"