न जाण्याच्या जागेची सहल

निसर्ग-अनुभव कक्षाने शहरातल्या नागरिकांना रान शिकवण्यासाठी मार्गदर्शित पदभ्रमंती सुरू केली, तेव्हा वाट दाखवायला रानातलंच माणूस हवं होतं आणि ते बोलकं हवं होतं. रानातली माणसं कामापुरतंच बोलतात, ही मोठी प्रशासकीय अडचण झाली. शोध घेता घेता एकच अपवाद सापडला. वस्तीवर तिला लहानथोर सगळे आत्या म्हणत. सख्खा भाऊ मात्र रेडिओ म्हणे, कारण तिच्या तोंडात तीळ भिजत नसे. कक्षाने तिला टोपी दिली, गळ्यात शिट्टी अडकवली आणि 'पारंपरिक ज्ञानवाहक' असं पद बहाल केलं. आत्या खूश! जन्मभर "गप बस गं" ऐकलेल्या बाईला आता माणसं ऐकायला येणार होती, आणि तीही पाण्याच्या बाटल्या घेऊन.

आत्या रान छान दाखवायची. कुठली साल तापावर चालते, वारुळाचं तोंड कुठल्या बाजूला असतं, सगळं ठसक्यात सांगायची. पहिल्याच उन्हाळ्यात एका फाट्यावर ती थांबली आणि म्हणाली, "इथून डावीकडे जायचं नाही. खाली झरा आहे. उन्हाळ्यात तो जनावरांचा. हरणी तिथेच वितात. पाऊस पडेपर्यंत आमच्यातलं कुणी तिकडे पाऊल टाकत नाही. आम्ही खालच्या ओढ्यातून पाणी भरतो. तो ओढा या झऱ्यावरच जगतो."

इथे थांबायला हवं होतं. पण ऐकणाऱ्यांचे डोळे मोठे झालेले पाहून आत्याला राहवलं नाही. ती म्हणाली, "माझ्या आजीनेसुद्धा उन्हाळ्यातला झरा कधी पाहिला नाही. म्हणतात, तिथली हवाच वेगळी."

झालं! सहभागी मंडळी विलक्षण भारावली, आणि भारावून त्यांनी तक्रार केली. एक निवृत्त प्राध्यापक कक्षात येऊन म्हणाले, "न जाण्यामागचं शहाणपण आम्हाला शंभर टक्के पटलंय. पण प्रत्यक्ष गेल्याशिवाय ते मनात उतरणार कसं?"

कक्षप्रमुखांनी आत्याला बोलावलं. "आत्या, तुमच्या परंपरेचा आम्हाला पूर्ण आदर आहे."

आत्याने हे आधीही ऐकलं होतं. वस्ती रानाबाहेर हलवली, त्या दिवशीही कुणीतरी अगदी याच शब्दांत सुरुवात केली होती.

"आपण झऱ्यावर जाणार नाही," कक्षप्रमुख म्हणाले. "झऱ्यावर कुणी जात नाही, एवढंच फक्त दाखवणार."

त्यासाठी मचाण आलं. मचाणापर्यंत पोचायला रस्ता आला. उतारावर कुणी घसरू नये म्हणून कठडा आला, कठड्याला सिमेंट लागलं, सिमेंटला पाणी लागलं, आणि पाणी तर समोरच होतं. गवंड्यांनी महिनाभर झऱ्याकाठीच मुक्काम ठोकला. शेवटी पाटी लागली : 'येथे कोणीही येत नाही. कृपया रांगेत उभे राहा.' पाटीपुढे फोटो काढायला इतकी झुंबड उडाली, की कोणीही येत नाही हे ओरडून सांगायला ध्वनिक्षेपक बसवावा लागला.

हरणं यायची बंद झाली. मग हरणं दिसत नाहीत, अशा तक्रारी सुरू झाल्या. कक्षाने तत्परतेने फायबरची हरणी बसवली, तिच्या पोटाशी फायबरची दोन पाडसं. मुलं पाडसांवर बसत. त्यांचे आईबाप त्यांना सांगत, "बघ, निसर्गाला असं जवळून अनुभवायचं असतं."

तोवर खालच्या ओढ्याला गढूळ पाणी येऊ लागलं होतं. पुढे तेही आटत चाललं. वस्तीतल्या बायका हंडे घेऊन जात आणि डबक्यात वाटी बुडवत बसत. एका दुपारी भाऊ आत्यासमोर रिकामा हंडा ठेवून म्हणाला, "रेडिओ, तुला काय गरज होती गं?" तो रागावला असता तर आत्याने चार गोष्टी सुनावल्या असत्या. पण तो हळू बोलला. आत्या टोपी घातलेल्या अवस्थेतच ढसाढसा रडली.

दुसऱ्या दिवशी ती कक्षात गेली. "साहेब, बंद करा हे. आमचं पाणी चाललंय."

"तुमची भावना रास्त आहे," कक्षप्रमुख म्हणाले. "पण न जाण्याचा अनुभव ज्यांनी आगाऊ आरक्षित केलाय, त्यांच्यावर अन्याय नाही का होणार?"

कुणावरही अन्याय झाला नाही. आरक्षणं संपेपर्यंत झरा कसाबसा टिकला आणि मग शिस्तीत आटला. कक्षाने हार मानली नाही. 'तहानेचं पारंपरिक ज्ञान' ही नवी भ्रमंती आखली गेली. ती वस्तीतूनच जाणार होती. कोरड्या ओढ्यातून रिकामे हंडे नेणाऱ्या बायका पाहून सहभागींनी अंतर्मुख व्हायचं, असा कार्यक्रम होता. अंतर्मुख होणाऱ्यांसाठी सावलीत खुर्च्या मांडल्या जाणार होत्या.

ही भ्रमंती आखायच्या बैठकीत कक्षप्रमुख पुढे झुकले. "आत्या, खरं सांगा. उन्हाळ्यात कुणी जात नाही, अशी अजून एखादी जागा असेलच ना तुमची?"

प्राध्यापक, अभियंता, छायाचित्रकार, सगळे तिच्या तोंडाकडे बघत राहिले. एवढे कान एकदम तिला कधी मिळाले नव्हते. "नाही," ती म्हणाली. टोपी टेबलावर ठेवली आणि घरी गेली.

जागा आहे. वस्ती आता तिथल्याच पाण्यावर तगून आहे. हे सांगायला नको होतं, पण तुम्ही काही त्या रांगेतले नाही. तुम्ही पुस्तकं वाचणारी, जाण असलेली माणसं. तुम्ही गेलात तर एकटेच जाल, चपला काढून, आवाज न करता. फोटोसुद्धा एखादाच घ्याल, आणि तोही फक्त घरच्यांना दाखवायला. तुम्हाला फक्त वाट हवी आहे. हो ना?

या मग. रांग मागून सुरू होते.