चाळीस इंच छाती

व्यायामशाळेत नाव नोंदवायला निघताना ग्रंथपालांनी शर्टाच्या आत तीन बनियन घातले. तिथे छाती मोजतात, एवढं त्यांनी ऐकलं होतं. आपला चौतीसचा आकडा चारचौघांत मोठ्यानं उच्चारला जावा, हे पन्नाशीच्या माणसाला सोसणारं नव्हतं. आदल्याच आठवड्यात ग्रंथालयात शब्दकोशाचे खंड त्यांच्या हातून घसरायला लागले, तेव्हा एका वाचक बाईंनी सगळा गठ्ठा स्वतः उचलला होता. वर, "असू द्या हो, तुम्ही नुसतं दार धरा," असंही म्हणाल्या होत्या. दार धरल्याची ती लाज अजून ओसरली नव्हती.

"शर्ट काढा, काका," फीत सोडत प्रशिक्षक म्हणाला.

"जरा सर्दी आहे हो."

"मग वरूनच घेतो. अडतीस! अंगात जीव आहे की!" त्यानं भिंतीवरच्या तक्त्याकडे बोट केलं. तक्त्यावर तीन माणसं काढली होती. "सगळा खेळ बांध्याचा असतो बघा. किडकिडीत माणसानं भरपूर खायचं, जड वजनं मोजकी उचलायची, पळायचं नाही. आडव्या माणसाचं उलट. निम्मं जेवण, हलकी वजनं आणि रोज चाळीस मिनिटं पळणं. तुम्ही आडवे."

"मी?"

"कपड्यांत कळत नाही कुणाला. पण माझी नजर फसत नाही."

ग्रंथपालांना आयुष्यात कुणी आडवं म्हटलं नव्हतं. खरं सांगून टाकायची हीच वेळ होती. पण ते इतके सुखावले होते, की मुकाट्यानं घरी आले आणि निम्मं जेवले.

पंधरा दिवसांत गाल बसले, पट्ट्याला नवं भोक पाडावं लागलं. माप दर सोमवारी व्हायचं. ते उतरलं तर बिंग फुटणार, म्हणून चौथा बनियन आला. मग पाचवा, आणि त्यावर बिनबाह्यांचा स्वेटर. एवढं सगळं घालून पळताना घाम असा निथळायचा, की उरलंसुरलं अंगही त्यातून वाहून जात होतं.

"चाळीस!" चौथ्या सोमवारी प्रशिक्षक ओरडला. "पोरांनो, काकांकडे बघा जरा!"

पोरांनी टाळ्या वाजवल्या. ग्रंथपालांना जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

"उद्या तुमचा फोटो काढू, भिंतीवर लावायला. काकूंनाही घेऊन या."

दुसऱ्या दिवशी पत्नी बाहेर बसली आणि आतल्या खोलीत एक फोटो कपड्यांसकट झाला.

"आता उघड्या अंगानं," प्रशिक्षक म्हणाला.

या वेळी सर्दी चालली नाही. शर्ट निघाला, स्वेटर निघाला, मग एकेक बनियन. तिसऱ्या बनियनला प्रशिक्षकाचं हसू गेलं. पाचव्यानंतर त्यानं उठून दार लावून घेतलं.

"काका, तुम्ही तर किडकिडीत!"

"हो."

"आणि मी तुम्हाला महिनाभर उपाशी पळवलं."

"हो."

"म्हणजे मुळात जे काही होतं, तेही..."

"गेलं," ग्रंथपाल पायांच्या बोटांकडे बघत म्हणाले. "चूक माझीच आहे."

प्रशिक्षकानं दार नीट लागलंय ना, ते पुन्हा पाहिलं. मग हळूच म्हणाला, "बाहेर बोलू नका हं. माझ्या नजरेवर विश्वास ठेवून येतात हो माणसं."

थोड्या वेळानं भिंतीवर दोन फोटो लागले. उघड्या अंगाचा फोटो 'आधी', आणि पाच बनियनांचा 'एका महिन्यानंतर'.

"काय काकू, फरक दिसतोय ना?" प्रशिक्षकानं नजर चुकवत विचारलं.

"दिसतोय की," पत्नी म्हणाली.

रस्त्यावर आल्यावर मात्र ती म्हणाली, "उद्यापासून पोटभर जेवा. आणि ते बनियन बंद."

ग्रंथपाल थबकले. "तुला माहीत होतं?"

"रोज पाच-पाच बनियन दोरीवर वाळत घालते मी. मला माहीत नसणार?"

"मग बोलली का नाहीस?"

"छाती काढून चालायला लागला होतात," ती म्हणाली. "म्हटलं, असू दे."

ग्रंथपालांनी मान खाली घातली. छाती आत घ्यावी की तशीच राहू द्यावी, हे मात्र त्यांना घर येईपर्यंत ठरवता आलं नाही.